पाच कामगारांचा स्टुडिओ

माझे बंगळूरचे घरमालक तुळजारामराव यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडात सुतळी होती.

मी आणि माझी बायको मंजिरी भाड्याचं घर बघायला मल्लेश्वरममध्ये त्यांच्या दारात उभे होतो. दार सताड उघडं होतं. आत साठी ओलांडलेले एक गृहस्थ पायपेटीसमोर स्टुलावर बसून वाजवत होते. दोन्ही हात पट्ट्यांवर, दोन्ही पाय खालच्या भात्यावर आणि दातांत घट्ट धरलेली सुतळी. ती सुतळी वर छतातल्या पाळण्याच्या कडीतून जाऊन पलीकडे एका लाकडी फूटपट्टीला बांधली होती आणि फूटपट्टीखाली उशीवर एक जुना टेपरेकॉर्डर निजला होता. गृहस्थांनी आम्हाला पाहिलं, दोन्ही भुवया उचलून बाकाकडे वळवल्या आणि वाजवणं चालू ठेवलं. आम्ही बसलो. वीस मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग बाहेर एक कावळा ओरडला. गृहस्थांनी मान मागे झटकली, सुतळी ताणली गेली, फूटपट्टीचं टोक बटणावर आपटलं आणि टेप थांबली. त्यांनी तोंडातली सुतळी काढली, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "रिजेक्ट."

मंजिरी पर्स उचलून उठलीच. पुण्यात घरमालक निदान जात, गाव आणि पगार विचारून मग नाही म्हणतात, इथला वेग जास्त दिसतो, असं मला वाटलं. पण नाकारला गेला होता तो कावळा. आम्ही पास झालो होतो, कारण वीस मिनिटांत आमच्यापैकी कुणी खोकलं नव्हतं.

तुळजारामरावांना सगळी गल्ली अण्णा म्हणे. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि फौज परत गेली तरी हे राहिले. त्यांच्या घरची मराठी आजीच्या पेटाऱ्यातल्या शालूसारखी होती, जुनी, जड आणि मधूनमधून कन्नडचा जर लावलेली. माझी मराठी त्यांना मान्य नव्हती. "तुम्ही पुण्याचे लोक इंग्रजी बोलता," ते मला म्हणाले, "मधेमधे स्वल्प मराठी घालता. ते बी ग्रेड." माझं नाव त्यांनी कधी पाठ केलं नाही. मला ते शेवटपर्यंत नुसतं 'पुणे' म्हणत. "काय पुणे, आज आपिस नाही?"

चौतीस वर्षं ते एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. समोरून जाणारी वस्तू उचलायची, उलटीपालटी करायची आणि पास, बी ग्रेड किंवा रिजेक्ट यांपैकी एक शिक्का मारायचा, हा त्यांचा धंदा. निवृत्त झाल्यावर कारखान्यानं त्यांना निरोप दिला, पण शिक्के कुणी काढून घेतले नाहीत. मंजिरीचं सांबार बी ग्रेड झालं. माझा ऑफिसचा टाय रिजेक्ट झाला. त्यांच्याच मुलीसाठी आलेली अकरा स्थळं त्यांनी एकेकाळी रिजेक्ट केली होती आणि बारावा मुलगा त्यांना न विचारता तिला थेट अमेरिकेला घेऊन गेला, ही हकीकत मला गल्लीतल्या फुलवालीनं सांगितली.

मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला अण्णांच्या पत्नी, रुक्मक्का, सहा महिन्यांसाठी म्हणून तिकडे गेल्या होत्या. सहा महिने संपले तेव्हा बाळाला दात येत होते. दात आले तेव्हा दुसऱ्याची चाहूल लागली. दुसरं झालं तेव्हा मुलीला नोकरी लागली. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या सहा महिन्यांना तिसरं वर्ष लागलेलं होतं. अण्णा याबद्दल तक्रार करत नसत. कधी विचारलं तर "येईल की, सुम्मने, उगाच घाई कशाला," एवढंच म्हणत आणि विषय टेपवर आणत.

टेपचा विषय असा होता. त्यांना अक्कांसाठी पेटीची एक कॅसेट भरायची होती. एकच बाजू, तीस मिनिटं, बारा पदं. साधी गोष्ट. कुणीही शेजाऱ्याला बोलावलं असतं, 'बाबा रे, मी म्हणालो की बटण दाब' असं सांगितलं असतं आणि चहाच्या आत काम उरकलं असतं. पण अण्णांचा सिद्धान्त निराळा होता. "दोन हात, दोन पाय, एक तोंड," ते बोटांवर मोजून दाखवत, "घरात पाच कामगार आहेत. सहावा कशाला आणायचा?" मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथं एका परदेशी बँकेचं एक काम तीस माणसं मिळून दीड वर्ष लांबवत होती. त्यामुळे या सिद्धान्ताबद्दल मला आदर वाटायला हवा होता. पण पाच कामगारांनी तीन महिन्यांत तीस मिनिटं भरली नव्हती, तेव्हा आदर आवरता आला.

कार्यक्षमतेसाठी अण्णांनी काय केलं नव्हतं ते सांगणं सोपं आहे, काहीच करायचं ठेवलं नव्हतं. पायपेटीच्या भात्याला खोबरेल तेल लावलं होतं. मायक्रोफोनला मोजा घालून तो कडीला टांगला होता. खोलीत आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींवर दोऱ्या बांधून त्यांवर चिमट्यांनी अक्कांच्या साड्या लटकवल्या होत्या. प्रथम आत शिरलो तेव्हा मला चिकपेटेतल्या एखाद्या साड्यांच्या घाऊक दुकानात आल्यासारखं वाटलं आणि सवयीनं मी पाकीट चाचपलं. "रेशमात इको मरतं," अण्णांनी समजावलं. "सुती साडी बी ग्रेड." सगळ्यांत चांगली, वांगी रंगाची रुंद काठाची साडी मात्र आवाजाच्या दृष्टीनं काहीच उपयोगाची नव्हती. ती अगदी एका कोपऱ्यात, पेटीच्या डाव्या हाताला, सतरंजीवर कुणीतरी बसावं अशा उंचीवर लावली होती. ती तिथं का, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, जागा उरली असेल.

भिंतीवर एक आलेखाचा कागद होता. त्यावर गल्लीतल्या सगळ्या आवाजांचं वेळापत्रक. दहा वीसला फुलवाली, अकराला कल्हईवाला, बारा ते दोन कुकर, प्रत्येक घराच्या शिट्ट्या वेगळ्या रंगात, अडीचला धुणं आपटणं, चारला शाळा सुटणार. या सगळ्यांतून चाळीस मिनिटांची एक फट सापडली होती, तीन दहा ते तीन पन्नास. त्या फटीत वर राहणाऱ्या आम्हा दोघांनी काय करायचं नाही याची यादी दाराखालून सरकवली गेली. मिक्सर नाही, कुकर नाही, नळ नाही, चपला नाहीत, आणि संडासची साखळी 'अत्यंत गरज असल्याशिवाय' ओढायची नाही. अत्यंत गरजेची व्याख्या दिलेली नव्हती. शनिवार-रविवारी मी घरी असे तेव्हा त्या चाळीस मिनिटांत मी आणि मंजिरी पलंगावर पाय वर घेऊन बसत असू आणि एकमेकांकडे बघत असू. संसारात एवढा शांत वेळ आम्हाला पुन्हा मिळाला नाही.

प्रत्येक प्रयत्नाची नोंद एका वहीत होई. ती वही मला फार आवडे. 'टेक ११. पास होता होता पाल. टेक १७. कावळा. टेक १८. तोच कावळा. टेक २३. पुणे शिंकले.' मी वरच्या मजल्यावर, उशीत तोंड खुपसून शिंकलो होतो. तरी नोंद झाली. मी भांडायला गेलो तर त्यांनी टेप लावून दाखवली आणि यंत्रावरच्या आवाजाच्या सुईकडे बोट केलं. माझ्या शिंकेला सुई केसभर हलली. "माणूस खोटं बोलतो, पुणे," अण्णा म्हणाले, "सुई बोलत नाही."

टेक एकतीस हा माझा सगळ्यांत लाडका. त्या दिवशी शेवटचं पद संपलं, एकही आवाज आला नव्हता, आणि अण्णांनी विजयाच्या भरात मान जरा जास्तच जोरात झटकली. सुतळीबरोबर वरची कवळी बाहेर आली, झोका घेत टेपरेकॉर्डरवर आपटली आणि तिथून पायपेटीच्या पट्ट्यांवर जाऊन तिनं दोन सूर लावले. वहीत नोंद आहे: 'टेक ३१. दात.' मी सुचवलं की शेवटचे दोन सूर कापता येतील, आधीचं सगळं चांगलं आहे. अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी टायसकट पुन्हा रिजेक्ट झालो. जोड दिलेला माल पहिल्या दर्जाचा नसतो. तीस मिनिटं म्हणजे एका दमात तीस मिनिटं.

आणि मग कंपनीनं मला चार महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. त्या वर्षांत बंगळूरमधून कुणी अमेरिकेला निघालं की अख्ख्या गल्लीला त्याच्या बॅगेत जागा दिसू लागे. लोणचं, मेतकूट, कुणाचे चष्मे. अण्णांनी काहीच मागितलं नाही. ते फक्त म्हणाले, "मंगळवारी निघणार. सरी. तोपर्यंत पास होईल." पोस्टावर त्यांचा विश्वास नव्हता. पोस्टातले लोक शिक्का मारतात पण बघत नाहीत, असं त्यांचं मत होतं. म्हणजे माझ्याबरोबर गेली तर गेली, नाहीतर ती कॅसेट जाणार नव्हती.

शनिवारी टेक एकेचाळीस पास झाला. अण्णा स्वतः जिना चढून वर आले. कॅसेटवर त्यांच्या वळणदार अक्षरात 'रुक्मिणी' आणि खाली 'पास'. पुन्हा चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या कडेचे ते दोन प्लास्टिकचे दात त्यांनी मोडून टाकले होते. "शर्टाच्या खिशात न्यायची," ते म्हणाले. "बॅगेत बेडा, नको." मी होय म्हणालो. इथपर्यंत मी एक बरा माणूस होतो.

रविवारी मंजिरी येलहंकाला मैत्रिणीकडे गेली होती आणि मी घरी रिकामा होतो. परदेशात नेतोय तर आत काय आहे ते माहीत असावं, असं स्वतःला सांगून मी ती कॅसेट माझ्या नव्या डबल डेकवर लावली. माझं संगीताचं ज्ञान शाळेच्या प्रार्थनेत सुरू होऊन तिथंच संपतं. तरी सुरुवात मला छान वाटली. मग दहा-बारा सेकंद चाल वाजल्यावर पेटी एकाच सुरावर थांबली. नुसता एक सूर, बारीक, लांबच लांब. अर्धं मिनिट. पाऊण मिनिट. मग पुन्हा थोडी चाल, पुन्हा तोच सूर. म्हातारा पट्टीवर बोट ठेवून झोपला की काय, असं मला वाटलं. बाराही पदांत हेच. तीन महिने गल्लीला वेठीला धरून यांनी भरलं काय, तर अर्ध्याहून अधिक काही नाही.

इथं माझ्यातला इंजिनीयर जागा झाला. हा प्राणी झोपलेला असतो तेव्हाच उपयोगी असतो. मला वाटलं, अण्णांचं वय झालं, मधेमधे विसरत असतील, बिचाऱ्यांना कळलंही नसेल. अक्कांनी ही कॅसेट ऐकली तर त्यांना काय वाटेल? डबल डेकला दोन कप्पे असतात. एकातून वाजवायचं, दुसऱ्यात भरायचं, आणि नको तिथं दुसरा कप्पा थांबवायचा. मी तीन तास बसून प्रत्येक लांबलेला सूर काटेकोरपणे कापला. तीस मिनिटांची तेरा झाली. नुसती चाल, घट्ट, आटोपशीर. मग अण्णांच्या हस्ताक्षरातली कॅसेटच पोचायला हवी म्हणून ते मोडलेल्या दातांचं भोक चिकटपट्टीनं बंद केलं आणि नवा माल जुन्याच कॅसेटवर चढवला. उरलेल्या भागात काही शिल्लक राहू नये म्हणून तोही पुसला. मी कुठलंही काम अर्धवट सोडत नाही.

सोमवारी रजा होती. सकाळी कॉफीच्या वेळी मी ती कॅसेट घेऊन खाली गेलो, शाबासकी घ्यायला. "अण्णा, स्वल्प सुधारणा केली आहे," मी म्हणालो. त्यांची भाषा वापरली म्हणजे आनंद होईल असं वाटलं. टेप लावली. अण्णा स्टुलावर बसले आणि हात मांडीवर ठेवून ऐकू लागले. पहिल्या पदानंतर दुसरं पद लगेच सुरू झालं तेव्हा त्यांनी यंत्राकडे वाकून पाहिलं. मग तिसरं. ते तेरा मिनिटं हलले नाहीत. टेप संपली. मी रिजेक्टची वाट बघत होतो. तेही आलं नाही.

"आणि ती गाणार कुठं?" अण्णांनी विचारलं.

मला समजलं नाही. मी 'कोण' असंही विचारलं असावं. अण्णा रागावले नव्हते, हेच जास्त वाईट होतं. लहान पोराला समजावावं तसं ते सांगू लागले. रोज संध्याकाळी पाचला, लग्न झाल्यापासून, अक्का त्या कोपऱ्यात सतरंजीवर बसत आणि गात. देवाची पदं, अर्धी मराठी, अर्धी कन्नड. अण्णा पेटी धरत. तिकडे गेल्यावर अक्कांनी दोन-तीनदा गाऊन बघितलं, मग सोडून दिलं. पत्रात लिहिलं होतं, घर बंद असतं, पेटी नाही, गळा उघडत नाही. गेल्या उन्हाळ्यात मुलीनं फोनवर सांगितलं की अम्मा आता गुणगुणतसुद्धा नाही.

"पण अण्णा, तुम्ही मधे चाल सोडून नुसता सूर का धरता?" मी विचारलं.

"ती रोज निराळं गाते की," अण्णा म्हणाले. "मी चाल वाजवली तर तिला माझ्या मागून यावं लागंल. तिला मोकळं पायजे. मी सुम्मने सूर धरून बसतो, ती जाऊन येते." मग त्यांनी कॅसेट काढून उलटीपालटी केली, चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला आणि ती पेटीवर ठेवली. म्हणजे मी तीन तास बसून, कात्री लावून, नेमकी अक्कांची जागा कापून काढली होती. फक्त तीच. इतकं अचूक काम मी नोकरीत कधी केलं नाही. मला फार लाज वाटली, आणि ती अजूनही आठवली की तेवढीच वाटते.

वर गेल्यावर मंजिरीला सांगितलं. ती रोज दुपारी घरी असे, तिला ते लांब सूर कशासाठी आहेत हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. "मला विचारायचंस तरी," एवढंच ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी मला निघायचं होतं. म्हणजे उरली होती सोमवारची एकच फट, तीन दहा ते तीन पन्नास. जो माल तीन महिन्यांत एकदा पास झाला तो आता एका टेकमध्ये व्हायला हवा होता.

तीन वाजता आम्ही खाली गेलो. अण्णांनी सुतळी दातांत धरून बघितली. तोंड थरथरत होतं आणि फूटपट्टी बटणावर टकटक वाजत होती. "अण्णा, आज सहावा कामगार घ्या," मी म्हणालो. "बटण मी दाबतो." ते काही तरी सिद्धान्त सांगतील असं वाटलं होतं, पण त्यांनी निमूटपणे सुतळी सोडली आणि गुंडाळून खिशात ठेवली. मंजिरी फाटकाशी पहाऱ्याला गेली. तिनं त्या दुपारी काय केलं हे मला नंतर कळलं. वेळापत्रकात नसलेला एक अवरेकाईवाला, म्हणजे पावट्याच्या शेंगा विकणारा, कोपऱ्यावर दिसला तेव्हा त्यानं तोंड उघडायच्या आत तिनं खुणेनंच त्याची अख्खी टोपली विकत घेतली. पुढचे पंधरा दिवस ती अवरेकाईच खात होती आणि पत्रातून मला त्याबद्दल कळवत होती.

अण्णांनी नवी कॅसेट घातली आणि मी बटण दाबलं. अण्णांचे पाय भात्यावर चालू लागले, पहिली चाल आली आणि मग तो सूर लागला. आता मला माहीत होतं तिथं काय आहे, म्हणून मी अण्णांकडे बघत बसलो. सूर धरला की त्यांची मान डावीकडे वळे, त्या वांगी रंगाच्या साडीकडे, आणि ते ऐकत. खरंच ऐकत. कुठं मान हले, कुठं भुवई वर जाई, कुठं ओठ दुमडले जात, बहुधा अक्का तिथं नेहमी चुकत असाव्यात. मग बरोबर वेळेला, जणू समोरचं गाणं संपलं म्हणून, ते पुन्हा चाल उचलत. एक पद गेलं, चार गेली, आठ गेली. कावळा आला नाही. मी शिंक दोनदा गिळली.

नवव्या पदाला तो सूर नेहमीपेक्षा लांबला. अण्णांचे डोळे मिटलेले होते. आणि त्या सुरावर, हळूच, कुणाच्या कानाशी बोलावं तसं ते म्हणाले, "आहा."

सुई हलली. शिंकेला केसभर हलली होती ती सुई चांगली अर्ध्यावर जाऊन आली. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांना पत्ताच नव्हता. ते चाल उचलून पुढं निघूनही गेले होते. दहावं झालं, अकरावं झालं, बारावं झालं. मी बटण दाबून टेप थांबवली तेव्हा तीन सत्तेचाळीस झाले होते आणि थोड्याच वेळात गल्लीच्या टोकाला शाळेच्या मुलांची पहिली आरोळी ऐकू आली.

अण्णांनी धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं. "आता मी ऐकणार नाही," ते म्हणाले. "कारखान्याचा नियम आहे, पुणे. बनवणारा आणि तपासणारा एक असू नये. इतके दिवस मी तो मोडला, माणूस नव्हतं म्हणून. आज तपासणीस तुम्ही. सुईसमोर तुम्ही बसलात. खरं सांगा. काही आवाज?"

"नाही," मी म्हणालो.

"कावळा?"

"नाही."

"तुम्ही?"

"नाही अण्णा. काहीच नाही. पास."

त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. मी लिहिलं, 'टेक ४२. पास.' खाली तपासणीस म्हणून सही करायला गेलो तर त्यांनी सांगितलं, "नाव लिहू नका, पुणे लिहा." मग त्यांनी कॅसेटचे ते दोन प्लास्टिकचे दात स्वतः मोडले आणि ती माझ्या शर्टाच्या खिशात घालून वरून बटण लावलं. चिकटपट्टीचा रोल तेवढा माझ्याकडून मागून घेतला.

मी जिथं कामाला गेलो ते गाव मुलीच्या गावापासून बरंच लांब होतं. ऑफिसातला एकजण तिकडे निघाला होता, त्याच्या खिशात कॅसेट घालून मीही वरून बटण लावलं. दोन आठवड्यांनी रविवारी दुपारी फोन आला. "मी मल्लेश्वरमची रुक्मक्का बोलते," पलीकडून आवाज आला. "पुणे म्हणतात ते तुम्हीच का?"

मी हो म्हणालो. त्यांनी गल्लीची चौकशी केली, फुलवालीची केली, अण्णा जेवतात का विचारलं. मग मी धीर करून विचारलं, "अक्का, गाणं होतंय का?"

"रोज," त्या म्हणाल्या. "पाचला. नातू समोर बसतो." आणि थोडं थांबून, "नवव्या पदाला ते कोण बोललंय?"

मी गप्प राहिलो. वहीत खोटं लिहून झालं होतं, फोनवर आणखी कशाला, असं वाटलं.

"पहिल्यांदा गाताना मला ऐकूच आलं नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा वाटलं काही तरी आहे. तिसऱ्यांदा मी थांबले. चाळीस वर्षं गाते हो त्यांच्यापुढं. पास म्हणतात. बी ग्रेड तर कितीदा म्हणाले. हे कधी म्हणाले नव्हते." फोनमध्ये मागे कुठंतरी लहान मूल हसत होतं. "आता तिथं आलं की मी गात नाही. गप्प बसते."

मी नुसतं हं म्हणालो.

"त्यांना सांगू नका हं," रुक्मक्का म्हणाल्या. "रिजेक्ट करतील."